शटडाउनमध्ये कंत्राटावर हरकत घ्यायची आहे? मग ही तयारी आधीच करा

जानेवारी २०१९ मध्ये मी अमेरिकेत, नॉर्दर्न व्हर्जिनियातल्या एका छोट्या आयटी कंपनीत प्रपोजलचं काम बघत होते. सव्वा महिना राबून केलेलं आमचं प्रपोजल पडलं, कंत्राट दुसऱ्याला गेलं. गुण देताना चूक झाल्याचं आम्हाला स्पष्ट दिसत होतं. मालक म्हणाले, "अगं, सरकारच बंद आहे, आत्ता कोण बघणार? उघडल्यावर टाकू." फळ्यावर लाल मार्करने त्यांनी ‘शटडाउन’ लिहिलं आणि त्याखाली मी मांडलेल्या तारखा त्यांनी पुसून टाकल्या. शटडाउन, म्हणजे खर्चाची विधेयकं वेळेत मंजूर न झाल्याने सरकारी खाती बंद पडणं, आणि तसा सरकारचा बराच भाग बंद होता हे खरं. पण ज्या खात्याचं कंत्राट होतं त्याला निधी मिळालेला होता आणि हरकती ऐकणारं काँग्रेसचं (म्हणजे अमेरिकी संसदेचं) कार्यालय, जीएओ, त्या ३५ दिवसांत चालूच होतं. आमची हरकत दोन दिवस उशिरा पोचली. मुद्दे कितीही पक्के असले तरी मुदत टळली की ते वाचायची वेळच येत नाही. इथे सरकारी कंत्राटांवर जगणाऱ्या आपल्या बऱ्याच मराठी कंपन्या आहेत, त्यातल्या कुणावर ही पाळी येऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी बघायचं ते नेमकं कोण बंद आहे. जीएओचा पैसा संसदीय शाखेच्या, म्हणजे काँग्रेस आणि तिच्या कार्यालयांच्या, खर्चाच्या विधेयकातून येतो. २०१८ च्या सप्टेंबरात ते विधेयक मंजूर झालेलं होतं, म्हणून २०१८-१९ च्या शटडाउनमध्ये जीएओ उघडं राहिलं. २०१३ च्या ऑक्टोबरात आणि २०२५ च्या ४३ दिवसांच्या शटडाउनमध्ये ते बंद होतं. पुढे १२ नोव्हेंबर २०२५ ला सही झालेल्या कायद्यात संसदीय शाखेला ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतचा पूर्ण निधी मिळाला. म्हणजे त्या तारखेच्या आत बाकीची खाती बंद पडली, तरी जीएओची मुदत नेहमीसारखीच मोजली जाणार. टीव्हीवर ‘सरकार बंद’ अशी पट्टी दिसली की हात आखडता घेऊ नका, आधी जीएओच्या संकेतस्थळावरची सूचना वाचा आणि तिची तारखेसह प्रत काढून ठेवा.

मग दिवस मोजायला बसा. नियम १० दिवसांचा, आणि ते कॅलेंडरचे दिवस, कामाचे नव्हेत. हरकतीचं कारण कळलं तो दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवसापासून एक. दहावा दिवस शनिवार, रविवार किंवा फेडरल सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस. त्या दिवशी जीएओच बंद असेल तर ते उघडेल तो दिवस. दिवस संपतो तो वॉशिंग्टनच्या वेळेने संध्याकाळी साडेपाचला. कॅलिफोर्नियात बसलेल्यांनी दुपारी अडीच असंच डोक्यात ठेवावं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मोजू नका, तिथे लाल दिसणारी दिवाळी इथे सुट्टी नाही आणि इथला व्हेटरन्स डे तिथे नाही. फेडरल सुट्ट्यांची यादी वेगळी छापून फळ्याशेजारी चिकटवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: स्थगिती. हरकत वेळेत घेतली म्हणजे कंत्राटाचं काम थांबलंच असं नाही. १९८४ च्या कायद्याप्रमाणे काम आपोआप थांबतं ते जीएओकडून खात्याला ठरलेल्या मुदतीत कळवलं गेलं तरच. ही मुदत कंत्राट दिल्यापासून १० दिवस किंवा सक्तीच्या डीब्रीफिंगसाठी (मागितल्यावर खात्याने निकालाची कारणं समजावून सांगणं) खात्याने दिलेल्या तारखेपासून ५ दिवस, यांतली जी नंतर येईल ती. तुमची हरकत आल्यावर खात्याला कळवायला जीएओला एक दिवस असतो, त्यामुळे शेवटच्या दिवशी टाकलेली हरकत वेळेत असूनही स्थगिती हातची जाऊ शकते.

२०२५ चंच उदाहरण घ्या. समजा २४ सप्टेंबरला, बुधवारी, कंत्राट दुसऱ्याला गेल्याचं पत्र आलं आणि त्यात डीब्रीफिंग सक्तीचं नाही. दहावा दिवस ४ ऑक्टोबर, शनिवार. म्हणून सोमवार ६ ऑक्टोबर. पण १ तारखेपासून जीएओ बंद, म्हणून हरकतीची मुदत थेट ते उघडेपर्यंत लांबली. कागदावर दीड महिना मिळाला. स्थगितीचं काय? खात्याला कळवणारं माणूस मंगळवार ३० सप्टेंबरनंतर जागेवरच नाही. मुदतवाढीचा नियम जीएओच्या स्वतःच्या नियमावलीतला आहे, स्थगितीची अट मात्र काँग्रेसच्या कायद्यातली. पहिली लांबली म्हणून दुसरीही लांबेल, या भरवशावर कंपनी पणाला लावू नका. या उदाहरणात २९ सप्टेंबरच्या आत हरकत टाकणं हाच शहाणपणा होता. नोव्हेंबरात टाकली असती तर विजेत्याने माणसं नेमून काम सुरू केलेलं असतं, आणि मग जिंकूनही वरातीमागून घोडं. म्हणून निधीची मुदत संपायच्या आठवड्यात निकालाचं पत्र आलं, तर दहा दिवस आहेत असं समजूच नका. कार्यालयाच्या शेवटच्या उघड्या दिवसाचा आदला दिवस हीच तुमची खरी तारीख.

डीब्रीफिंगची मागणी लेखी करायची, निकालाचं पत्र मिळाल्यापासून ३ दिवसांत. काँट्रॅक्टिंग ऑफिसर, म्हणजे खात्यातर्फे कंत्राट देणारा अधिकारी, घरी बसवलेला असेल, ‘मी रजेवर आहे’ असं आपोआप उत्तर येईल, तरी ईमेल पाठवा आणि ते उत्तरही फाइलला लावा. खात्याने दिलेली पहिली तारीख घ्या. पुढची मागितलीत तरी स्थगितीचे ५ दिवस पहिल्या तारखेपासूनच मोजले जातात. संरक्षण खात्याच्या कंत्राटात डीब्रीफिंगनंतर दोन कामाच्या दिवसांत पुढचे लेखी प्रश्न विचारता येतात, ते आधीच लिहून ठेवा. जीएसए शेड्यूलखालच्या (सरकारने आधीच करार करून ठेवलेल्या पुरवठादारांच्या यादीतून होणाऱ्या) खरेदीत जे थोडक्यात कारण सांगतात, ते सक्तीचं डीब्रीफिंग धरलं जात नाही. त्याची वाट बघत बसलेल्यांचे दहा दिवस तसेच निघून जातात.

हरकत टेंडरच्या अटींवरच असेल तर ती प्रपोजल स्वीकारण्याच्या वेळेआधी गेली पाहिजे. शटडाउन लागला म्हणून ही वेळ आपोआप पुढे जाईल असं धरून चालू नका, खात्याने दुरुस्तीपत्रक काढलंय का ते बघा. सॅम डॉट गव्ह या सरकारी टेंडरांच्या संकेतस्थळावर ते रोज सकाळी शोधा.

बाकीचे दरवाजेही माहीत असू द्या. कंत्राट छोट्या कंपन्यांसाठी राखीव असून विजेती कंपनी ‘छोटी’ नाहीच असा आक्षेप असेल तर तो ५ कामाच्या दिवसांत काँट्रॅक्टिंग ऑफिसरकडे द्यायचा. कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये, म्हणजे केंद्र सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या कोर्टात, दहा दिवसांची अट नाही, पण आपोआप स्थगितीही नाही, मनाई हुकूम मागावा लागतो. शिवाय कंपनीला तिथे वकिलाशिवाय उभं राहता येत नाही. जीएओ बंद असताना काम थांबवायचं असेल तर हा मुख्य रस्ता उरतो, त्यामुळे वकिलाशी करारपत्र शटडाउनच्या आधी सही करून ठेवा. जीएओत वकील सक्तीचा नाही, पण गोपनीय कागद फक्त परवानगी मिळालेल्या वकिलांना आणि सल्लागारांना दिसतात. छोट्या कंपन्या इथेच पैसे वाचवायला जातात आणि आंधळेपणाने लढतात. मी तरी तसं करू नका असंच सांगेन.

फाइलमध्ये टेंडर, सगळी दुरुस्तीपत्रकं, आपलं प्रपोजल आणि निकालाचं पत्र ते आल्याच्या वेळेसकट ठेवा. जीएओच्या ऑनलाइन प्रणालीवर खातं आजच उघडा. शुल्क भरल्याशिवाय हरकत दाखल होत नाही, तेव्हा कार्डाची मर्यादाही तपासा. कार्यालय बंद असलं तरी प्रणाली चालू असेल तर थांबू नका, दाखल करून टाका. आणि दाखल केल्यावर एका दिवसात पूर्ण प्रत काँट्रॅक्टिंग ऑफिसरला पाठवा. हरकत आधीच चालू असेल तर खात्याचा अहवाल आल्यावर उत्तराला १० दिवस असतात, त्यात नवा मुद्दा सापडला तर त्यालाही तेवढेच.

उघडण्याचा दिवस मात्र फसवा असतो. बंद काळात लांबलेल्या सगळ्या मुदती त्या एकाच दिवशी येऊन पडतात. १२ नोव्हेंबर २०२५ ला कायद्यावर सही झाली ती रात्री, घराघरांत जेवणं उरकल्यावर. त्यामुळे लॉगिन दोघांकडे असू दे, आणि त्यातल्या एकाने रात्री झोपण्यापूर्वी बातम्या बघायच्या हे आधीच ठरवून ठेवा.