विषम ताल आणि दीडपट : हातावर बसवण्याची एक रीत

त्रिताल आणि केरव्यात रुळलेल्या विद्यार्थ्याने पाच, सात किंवा दहा मात्रांकडे वळताना मात्रा (तालाचे समान ठोके) मोजण्यापेक्षा खंडांची, म्हणजे मात्रांच्या गटांची, जाण आधी करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. सात मात्रा म्हणजे सात सारखे ठोके नव्हेत. आपल्या रूपक या तालात त्या ३+२+२ अशा विभागल्या जातात. ग्रीसमधील कालामातियानोस या नृत्यातही तीच विभागणी असते, तर बल्गेरियातील राचेनित्सा २+२+३ अशी चालते. बेरीज सातच येत असली, तरी पावलांचा तोल पूर्णपणे बदलतो.

प्रारंभ रूपकापासूनच करावा. ‘तीं तीं ना | धी ना | धी ना’ हा ठेका (तालाचे ठरलेले बोल) तोंडाने म्हणत पहिल्या मात्रेवर काल (टाळी न देता हात मोकळा ठेवण्याची जागा) दाखवावा आणि चौथ्या व सहाव्या मात्रेवर टाळी द्यावी. या तालात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, काल असल्यामुळे नवशिक्याला सम हलकी वाटते आणि तो चौथ्या मात्रेला सम समजू लागतो. त्यावर उपाय म्हणून ठेका म्हणताना पहिल्या ‘तीं’चा उच्चार मुद्दाम ठसठशीत करावा. मेट्रोनोम मिनिटाला ५० ते ६० ठोक्यांवर ठेवावा. लेहरा (तालाला धरून पुन्हा पुन्हा वाजणारी धून) उपलब्ध असल्यास तो अधिक चांगला, कारण त्यात आवर्तनाची (तालाच्या पूर्ण फेऱ्याची) जाणीव सुरांतून होते आणि मोजणी आपोआप गळून पडते. रूपक स्थिरावल्यावर दहा मात्रांचा, २+३+२+३ असा झपताल घ्यावा. त्यात पहिल्या, तिसऱ्या व आठव्या मात्रेवर टाळी आणि सहाव्या मात्रेवर काल असतो.

आता दोन लयी एकाच वेळी चालवण्याकडे वळू. येथे शाळेतला लसावि उपयोगी पडतो. दोनास तीन, म्हणजे दोन आघातांच्या वेळात तीन आघात, वाजवायचे असल्यास सहा सूक्ष्म भाग कल्पावेत. उजवा हात १, ३, ५ या भागांवर आणि डावा हात १ व ४ या भागांवर मांडीवर आपटावा. ऐकू येणारा क्रम ‘दोन्ही, उजवा, डावा, उजवा’ असा होतो. चारास तीनसाठी बारा भाग घ्यावेत: चार आघात १, ४, ७, १० वर, तर तीन आघात १, ५, ९ वर पडतात. अतिशय संथ गतीत भाग मोजून हा क्रम पक्का करावा आणि त्यानंतर मोजणे सोडून एका हाताचा आघात पार्श्वभूमीसारखा ऐकत दुसऱ्या हाताबरोबर गुणगुणावे. मग हात बदलून तेच करावे. हा शेवटचा टप्पा अनेक जण गाळतात आणि म्हणूनच त्यांना दोन लयी स्वतंत्रपणे ऐकू येत नाहीत, केवळ एक गुंतागुंतीचा नमुना पाठ झालेला असतो.

दीडपट म्हणजे हेच दोनास तीनचे नाते तालाच्या आवर्तनात आणणे. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून दर दोन भागांनी एक बोल ठेवला, की रूपकाचा ठेका असा दिसतो (ऽ म्हणजे रिकामा भाग): ‘तींऽतीं ऽनाऽ धीऽना ऽधीऽ नाऽ…’. सात बोलांना १४ भाग, म्हणजे ४⅔ मात्रा लागतात. त्यामुळे समेवर पोहोचायचे असल्यास समेपासून २⅓ मात्रा सोडून उचल (बोलांची सुरुवात) करावी. हाच हिशेब झपतालात ३⅓ आणि त्रितालात ५⅓ मात्रांचा येतो. उचल न करता समेपासूनच सुरुवात केल्यास रूपकाच्या दोन आवर्तनांत दीडपटीचे तीन ठेके बसतात, आणि माझ्या मते प्रथम हाच प्रकार करावा, कारण त्यात अपूर्णांकावर थांबण्याचे दडपण नसते. या संपूर्ण सरावात टाळी ठाय (मूळ, संथ) लयीतच राहिली पाहिजे. ती बोलांच्या मागे धावू लागली, तर पढंत (बोल म्हणणे) थांबवून पुन्हा केवळ टाळीपासून सुरुवात करावी. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करून ऐकल्यास हे घसरणे लगेच लक्षात येते.

पुढे सव्वापटीसाठी मात्रेचे पाच आणि पावणेदोनपटीसाठी सात भाग करून, दर चार भागांनी बोल ठेवावा. अशा पटींसाठी वापरल्या जाणाऱ्या आड, कुआड, बिआड या संज्ञांच्या अर्थाबाबत घराण्यांत मतभेद असल्यामुळे वहीत पटीचा आकडाच लिहिणे बरे.

स्वतःची रचना करण्यासाठी तिहाई (तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा) हे उत्तम प्रवेशद्वार आहे. समेपासून समेपर्यंतच्या तिहाईसाठी तालाच्या मात्रांत एक मिळवावा आणि ती संख्या तीन तुकडे व दोन विराम यांत विभागावी. रूपकात ती ८ होते. दोन मात्रांचा ‘तिट धा’ हा तुकडा आणि एका मात्रेचा विराम घेतल्यास ‘तिट धा ऽ तिट धा ऽ तिट धा’ यातील शेवटचा ‘धा’ नेमका समेवर येतो. झपतालात संख्या ११ आहे. ‘तिट कत धा’ हा तीन मात्रांचा तुकडा आणि एका मात्रेचा विराम घेऊन ती स्वतः बांधून पाहावी, आणि हातावर बसल्यावर तीच तिहाई दुगुणीत (दुप्पट लयीत) सहाव्या मात्रेपासून, म्हणजे आवर्तनाच्या मध्यापासून, घेण्याचा प्रयत्न करावा.