डच ‘एर’ची जोडतोड: अव्यय कधी चिकटवायचं, कधी दूर ठेवायचं

‘मी बसची वाट पाहतोय’ हे डचमध्ये ‘इक वाख्ट ऑप द बस’. (उच्चार इथे जवळपासचे दिले आहेत.) यात ‘ऑप’ (वर) हे अव्यय. बसचं नाव टाळायचं असेल, तर नवशिके ‘ऑप हेट’ (हेट म्हणजे ते) म्हणतात. ते चूक. बरोबर वाक्य ‘इक वाख्ट एरऑप’, म्हणजे ‘एर’ (त्या-) आधी आणि ‘ऑप’ नंतर. मराठी माणसाला हे जड जाऊ नये, कारण ‘त्यावर’मध्येही सर्वनाम आधी आणि अव्यय नंतरच येतं.

१. क्रियापद अव्ययासकट पाठ करा: डेंकन आन (विचार करणं), प्रातन ओव्हर (बोलणं), बखिनन मेट (सुरुवात करणं). अव्यय चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

२. जोड निवडा. ‘त्या-’साठी एर, जोर द्यायचा तर दार; ‘ह्या-’साठी हीर; ‘कशा-’ आणि ‘ज्या-’साठी वार. जोडताना मेटचं (-शी, -ने) मे होतं आणि टोटचं (-पर्यंत) तू: एरमे, दारतू. झोंडर (शिवाय), टाइडन्स (दरम्यान) यांसारखी अव्ययं जोडली जात नाहीत. माणसांसाठी ‘ऑप हेम’च (हेम म्हणजे तो माणूस) ठेवा. बोलताना डच लोक ‘ज्याच्याशी’साठी माणसालाही ‘वार... मे’ सर्रास लावतात, पण लिहिताना ‘मेट वी’ लिहिलेलं बरं.

३. आता तोडा, खरी अडचण इथेच येते. एर कर्त्यानुसार बदलणाऱ्या क्रियापदाला लागून येतो, अव्यय शेवटाकडे सरकतं, आणि ‘नीट’ (नाही), ‘फाक’ (अनेकदा), काळवेळ हे सगळं मध्ये बसतं:

इक डेंक एर नीट आन. (मी त्याचा विचार करत नाही.)
इक हेप एर खिस्टरन मेट यान ओव्हर खप्रात. (काल मी यानशी त्याबद्दल बोललो.)

‘इक डेंक एरआन नीट’ म्हणू नका. शेवटी दुसरं क्रियापद असेल तर अव्यय त्याच्या आधी थांबतं, वरच्या ‘खप्रात’सारखं. ‘हेम’सारखं छोटं सर्वनाम मात्र एरच्याही आधी येतं: इक हेप हेम एर खिस्टरन नार खफ्राख्ट (काल मी त्याला त्याबद्दल विचारलं).

प्रश्नात ‘वार वाख्ट ये ऑप?’ (तू कशाची वाट पाहतोयस?) हेच रोजचं. ‘वारऑप वाख्ट ये?’ बरोबर, पण पुस्तकी. अशा एरने वाक्य सुरू होत नाही, तिथे दार घ्या: दार वेट इक नीट्स फान (त्याबद्दल मला काहीच माहीत नाही).

४. लेखन तपासा. शेजारी आले की एकच शब्द: एरऑप, दारमे. एर्खन्स (कशा-तरी), नेर्खन्स (कशा-ही नाही), ओव्हरअल (सगळ्या-) मात्र सुटेच: एर्खन्स ओव्हर. ‘इक केइक एरनार आउट’ (मी त्याची आतुरतेने वाट पाहतोय) यातलं ‘आउट’ क्रियापदाचा तुटलेला तुकडा आहे, म्हणून तेही एरनारला चिकटवत नाहीत.