कुत्रा एक डोळा मिटून बसला तर

दिवाळीनंतर माळावरचं गवत वाळतं, तेव्हा फिरून आल्यावर मोतीचे डोळे मी रोज उजेडात बघते. दोन वर्षांपूर्वी तो एक डोळा मिचकावत, पंजाने चोळत आला. घरात माझेच उरलेले थेंब होते, ते घातले. त्यात स्टेरॉइड होतं. बुबुळावर ओरखडा असेल तर स्टेरॉइडने जखम चिघळते, तशीच चिघळली. डॉक्टरांनी डोळ्यात रंगाची पट्टी टेकवली, निळ्या उजेडात जखम हिरवी चमकली. तिसऱ्या पापणीआड, म्हणजे कुत्र्याच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यात असते त्या आतल्या पापणीमागे, कुसळ रुतलं होतं.

म्हणून घरी एवढंच करा: सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने नाकाकडून बाहेरच्या बाजूला हलकेच पुसा, दुसऱ्या डोळ्याला नवा कापूस घ्या. चोळू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घाला. रुतलेलं काही स्वतः ओढू नका.

डोळा उघडत नसेल, बुबुळ निळसर-धुरकट दिसत असेल किंवा पिवळी-हिरवी चिपडं येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. डोळा बाहेर आला असेल तर ओला कपडा धरून ताबडतोब निघा. थेंब दोन प्रकारचे दिले असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. मी मागून मिठीत घेऊन, हनुवटी वर करून घालते. समोरून हात आला की तो बिचकतो.