कार्यक्रम सुरू करण्याआधीची तयारी (बेसलाइन, बेसलाइन आणि मग उरलेलं)

समुपदेशन गट असो, व्यसनमुक्तीचं केंद्र असो, एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठीचा उपक्रम असो की पालकांची शिबिरं, माणसांसाठी काही सुरू करायचं आणि वर्षभराने त्याचा उपयोग झाला की नाही हेही सांगायचं, तर तयारी कशी करायची त्याची ही यादी. मागच्या खेपेला माझ्याकडे हजेरीपट होते, फोटो होते, लोकांचे हृद्य अभिप्राय होते, फक्त बेसलाइन, म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याआधी माणसं कुठे होती याची मोजणी, नव्हती. त्यामुळे हा शब्द इथे अति होईपर्यंत येणार आहे, त्याला इलाज नाही.

जागा, माणसं, पैसे, परवानग्या: हे कुणी विसरत नाही. पुढे चला.

पहिलं खरं काम म्हणजे गरज ओळखणं, आणि इथे घाई नडते. समाजधोरणाचे ब्रिटिश अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी 1972 मध्ये गरजेचे चार प्रकार मांडले होते, ते अजून चालतात: तज्ज्ञ जी ठरवतात ती, लोकांना स्वतःला जी वाटते ती, लोक प्रत्यक्ष मागणी करून जी दाखवतात ती, आणि शेजारच्या तशाच वस्तीला मिळतंय पण इथे मिळत नाही अशी तुलनेतून दिसणारी. आपण बहुतेक वेळा पहिली धरून चालतो, प्रस्तावात ती दुसरी म्हणून लिहितो. निदान तिसरी तपासा. प्रतीक्षायादीवर किती जण आहेत, किती जण विचारायला येऊन परत गेले, हे कुठल्या तरी वहीत असतंच.

मग एका पानावर साखळी लिहा: आपण हे केलं तर माणसात अमुक बदल होईल, तो झाला तर त्याच्या जगण्यात तमुक फरक पडेल. तुमच्याकडे याला लॉजिक मॉडेल म्हणतात की बदलाचा सिद्धान्त, याने काही बिघडत नाही. प्रत्येक कडीपाशी थांबून ‘का बरं होईल?’ एवढं विचारा. उत्तर ‘व्हायला हवं’ असं आलं तर ती कडी कच्ची आहे. ‘बारा सत्रं घेतली’ हे काम झालं, परिणाम नव्हे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही अहवालात परिणामांच्या रकान्यात सत्रांचीच संख्या बसलेली असते.

साखळीत परिणाम म्हणून जे दोन-तीन बदल लिहिलेत, तेच मोजायचे. दोन-तीनच, पंधरा नाही. आणि ते पहिल्यांदा मोजायचे पहिल्या सत्राच्या आधी. पहिल्या सत्राच्या चहाच्या सुट्टीत नाही, पहिल्या आठवड्यात सवडीने नाही. आधी.

नोंदणीचा फॉर्म म्हणजे बेसलाइन नव्हे. मी नेमकी इथेच फसले. नाव, वय, पत्ता, शिक्षण, घरात माणसं किती, सगळं भरलेलं होतं, फाइल चांगली जाडजूड दिसत होती, आणि त्यात एकही प्रश्न असा नव्हता की ज्याचं उत्तर कार्यक्रमाने बदलणार होतं. वय काही समुपदेशनाने कमी होत नाही. आपला फॉर्म उघडा, एकेका प्रश्नावर बोट ठेवा आणि विचारा: कार्यक्रम यशस्वी झाला तर हे उत्तर वेगळं येईल का? एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं नाही, तर तुमच्याकडे बेसलाइन नाही.

प्रश्न कसा असावा? ‘तुम्हाला एकटं वाटतं का?’ याला लोक समोरच्याचा चेहरा बघून उत्तर देतात. ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस कुणाशी निवांत बोलणं झालं?’ याला निदान बोटं मोजावी लागतात. जिथे तयार, तपासलेली प्रश्नावली आहे तिथे स्वतःची बनवायचा हट्ट करू नका. नैराश्याच्या लक्षणांसाठी पीएचक्यू-9 सारखं साधन आहे: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, गुण 0 ते 27. लोकांच्या भाषेतली तपासलेली आवृत्ती मिळते का ते आधी बघा. ऐन वेळी बसल्या बैठकीला भाषांतर केलेली प्रश्नावली ही वेगळीच प्रश्नावली असते. आणि त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला कुणी ‘हो’ म्हणालं तर त्याच क्षणी कोण बोलणार, कुणाला फोन जाणार, त्या माणसाला एकटं न सोडता पुढे कसं न्यायचं, हे ठरलं नसेल तर तो प्रश्न विचारायचाच नाही. फॉर्म गठ्ठ्यात जाऊन महिन्याने कुणीतरी वाचणं म्हणजे निव्वळ बेजबाबदारपणा.

प्रश्नावली ज्यांचा कार्यक्रमाशी संबंध नाही अशा पाच-सहा जणांवर आधी वापरून बघा. दोन प्रश्न कुणालाच कळत नाहीत असं निघेल. ते आत्ता बदलता येतात. बेसलाइन झाल्यावर बदलले, तर आधीचं आणि नंतरचं जुळत नाही आणि बेसलाइन घेऊन न घेतल्यासारखी होते.

आणि ओळख-क्रमांक. सुरुवातीला साठ कागद, शेवटी पंचेचाळीस कागद, आणि कुठला कागद कुणाचा याचा पत्ता नाही, अशी बेसलाइन अर्धीच कामाची. सरासऱ्या काढता येतील, पण कुणात बदल झाला ते कळणार नाही. नाव लिहायचं नसेल तर असा संकेत ठरवा जो माणसाला दर वेळी न आठवता तयार करता येतो: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्माचा महिना, आपल्या नावाचं शेवटचं अक्षर. छोट्या गटात यावरूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा तो संकेत म्हणजे गुप्तता असं समजू नका. कागद कुलपातच ठेवायचे.

‘आधी राहून गेलं, शेवटी विचारून घेऊ की तेव्हा कसं होतं ते.’ नाही. माणसं चांगली असतात, तुमच्यावर त्यांचा जीव बसलेला असतो, आणि ती ‘पूर्वीची’ अवस्था होती त्याहून काळी रंगवून सांगतात. खोटं बोलत नाहीत, आठवणच तशी घडते. एक अपवाद मान्य करते: ‘मुलांशी कसं बोलावं ते मला कळतं’ अशा प्रश्नाला सुरुवातीला सगळेच भरघोस गुण देतात, कारण काय कळत नाही हेच तेव्हा कळलेलं नसतं. शिकून झाल्यावर ते स्वतःला कडक मोजतात आणि आकडा उलटा खाली जातो. तिथे शेवटी ‘आता मागे वळून बघता तेव्हा किती होतं?’ हेही विचारावं. हेही, म्हणजे बेसलाइनच्या जोडीला. तिच्याऐवजी नव्हे.

बेसलाइन असली की काम संपलं असंही नाही. माणसं आपल्याकडे येतात ती बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत. त्यातली काही आपण काहीही न करता थोडी सावरलीच असती. तेव्हा तुलनेला कुणीतरी हवं. जागा कमी आणि येणारे जास्त असतील तर कुणाला आधी घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि थांबलेल्यांचीही बेसलाइन त्याच दिवसांत घ्या. ज्यांना तातडी आहे त्यांना अर्थातच चिठ्ठीत घालायचं नाही. तुलना अजिबात शक्य नसेल तर अहवालात ‘कार्यक्रमामुळे’ हा शब्द जपून वापरा.

हे फार किचकट वाटत असेल तर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधला केंब्रिज-सॉमरव्हिल युवक अभ्यास आठवा. 1939 मध्ये सुरू झालेला. भरकटण्याचा धोका असलेल्या मुलांच्या सारख्या पार्श्वभूमीच्या जोड्या लावल्या, नाणं उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला मार्गदर्शक दिला. घरभेटी, अभ्यासात मदत, उन्हाळी शिबिरं, सगळं. 1945 पर्यंत चाललं. गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅककॉर्ड यांनी सुमारे 30 वर्षांनी त्या मुलांचा माग काढून 1978 मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्या बऱ्याच जणांनी सांगितलं, आमचं भलं झालं. आणि नोंदी सांगत होत्या की पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार अशा कितीतरी बाबतीत त्यांचीच अवस्था जोडीतल्या मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा वाईट होती. केवळ अभिप्राय गोळा केले असते तर हा कार्यक्रम आदर्श म्हणून मिरवला असता. मदतीने अपायही होऊ शकतो हे कळलं, कारण मदत सुरू होण्याआधी कुणीतरी बसून नीट नोंदी केल्या होत्या आणि जोड्या लावल्या होत्या. कार्यकर्ते ‘फॉर्म भरण्यात वेळ जातो, माणसांचं काम करू या’ म्हणतात तेव्हा मी त्यांना एवढंच सांगते.

संमती घ्या, साध्या भाषेत, आणि प्रश्नांना उत्तरं न देणाऱ्यालाही सेवा तीच मिळेल हे तोंडाने सांगा, नुसतं छापू नका. मुलं असतील तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही.

कार्यक्रम चालू असताना: हजेरी व्यक्तीनुसार, नुसती डोकी मोजून नाही. सत्र ठरल्याप्रमाणे झालं का याची चार ओळींची नोंद, त्याच संध्याकाळी. नाहीतर शेवटी ‘उपयोग झाला नाही’ असं निघालं तर कल्पनाच चुकली की ती कधी नीट राबवलीच गेली नाही, हे सांगता येत नाही. अधूनमधून आकडे बघून दुरुस्त्या कराव्यात, पण ज्या आकड्यावर कार्यकर्त्यांची बढती किंवा पुढचा निधी टांगलेला असतो तो आकडा हळूहळू सुधारतोच, माणसं सुधारोत न सुधारोत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी हा इशारा 1970 च्या दशकातच दिलेला आहे.

सोडून गेलेल्यांची नावं खोडू नका. दहा जण आहेत असं धरा, पाच जणांचे गुण 2 आणि पाच जणांचे 6. सरासरी 4. दोनवाले पाचही जण वैतागून निघून गेले. उरलेल्यांची सरासरी 6. कुणाच्याही आयुष्यात काडीचा फरक पडलेला नाही आणि तुमच्या आलेखात दीडपट प्रगती. गेलेल्यांची बेसलाइन हातात असेल तरच हे पकडता येतं. बघा, आली परत.

शेवटची पाहणी: तेच प्रश्न, त्याच क्रमाने, तशाच पद्धतीने. तेव्हा तोंडी विचारले असतील तर आता गूगल फॉर्म पाठवायचा नाही. सत्रं घेणाऱ्या ताईंनीच प्रश्न विचारायचे नाहीत, त्यांच्या तोंडावर कोण वाईट बोलेल? सोडून गेलेल्यांपैकी जमतील तितक्यांना फोन.

विश्लेषण: प्रत्येकाचं आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी ठेवा, कितीजण सुधारले, कितीजण होते तिथेच, कितीजण बिघडले. तिसरा आकडाही लिहायचा.

अहवाल छोटा. निष्कर्ष आधी लोकांना सांगा, मग निधी देणाऱ्यांना. सहा महिन्यांनी परत विचारायचं असेल तर एक जादा संपर्क क्रमांक आणि त्याची परवानगी बेसलाइनच्याच दिवशी घ्या, नंतर मिळत नाही. कागद कधी नष्ट करायचे ती तारीख फाइलवर टाका. मूल्यमापनाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत, आणि ती ओळ कापायला निघाले तर छपाई कापा.