दम आधी परततो, टेंडन मागाहून

मी प्रौढांना बॅडमिंटन शिकवतो. मोठ्या खंडानंतर परतणाऱ्यांची मला पहिल्या आठवड्यापेक्षा चौथ्या आठवड्यात जास्त काळजी वाटते. सुरुवातीला धाप लागते, पाय भरून येतात, त्यामुळे माणूस बेताने खेळतो. महिनाभरात दम सुधारतो, जुने फटके हाताला आठवतात आणि गडी पूर्वीच्या जोमाने शटलवर झेपावतो. पोटरीत कळ येते ती तेव्हा.

व्यायाम सुटला की दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रव घटतो आणि दम कमी होतो. सराव सुरू झाला की हे नुकसान लवकर भरून निघतं. स्नायूंची ताकदही बऱ्यापैकी पटकन परतते. स्नायूंना हाडांशी जोडणारे टेंडन मात्र संथ. त्यांना भार पेलण्याची सवय व्हायला महिने लागतात. म्हणून ‘आता दम लागत नाही’ एवढ्यावर वेग वाढवू नका.

हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, चालताना छातीत दडपण किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते, मग घड्याळातला आकडा फसवा ठरतो. त्यापेक्षा बोलून बघा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, एवढाच वेग सुरुवातीला पुरे.

पहिले दोन आठवडे मी कोर्टवर घेतच नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. मग एक मिनिट हलकं धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आलटून पालटून. सोबत टाचा उचलण्याचा व्यायाम हवाच, आणि लोक नेमका हाच टाळतात. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. हे सोपं वाटू लागलं की एका पायावर. एका पायावर सलग वीसेक वेळा न दुखता जमेपर्यंत मी उड्या मारू देत नाही. कंटाळवाणं आहे, पण मागे झपकन सरकताना सगळा भार टाचेच्या वरच्या अकिलीस टेंडनवरच येतो.

कोर्टवर आल्यावर आधी दहा मिनिटं अंग गरम करा. थंड अंगाने बसून ताणत राहण्यापेक्षा हलकं धावणं, आडवी पावलं, हात फिरवणं बरं. मग अर्ध्या कोर्टवर सावकाश रॅली, स्मॅश नाही. वेळ, वेग आणि दिवस यांपैकी एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा. सामने सगळ्यात शेवटी. गुण मोजायला लागलं की कोणी बेताने खेळत नाही. आणि बुटांचा तळवा दाबून पाहा. कपाटात पडून कडक झाला असेल तर ते बूट बाद.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच ठणकल्या तर घाबरू नका, ते ओसरतं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ, सूज किंवा लंगडणं असेल तर थांबा. टेंडनची खबर सकाळच्या पहिल्या पावलांत मिळते: कालच्यापेक्षा जास्त आखडलं असेल तर भार कमी करा.

व्यायामानंतर स्नायू प्रचंड दुखून सुजले आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर आली असण्याची शक्यता असते. छातीत दुखलं तर तेवढाही वेळ घालवू नका.

मधेच ताप आला तर पूर्ण उतरेपर्यंत सुट्टी. आठवडा बुडाला तर मागच्या आठवड्याचाच सराव पुन्हा करा; तीन आठवडे बुडाले तर निम्म्यावर या.