आरडी 350 सिग्नलला बंद पडते? आधी दोन्ही स्लाइड एकदम उचलतायत का बघा

आरडीवाला, म्हणजे राजदूत-यामाहाची ती जुनी दोन सिलिंडरची टू स्ट्रोक मोटरसायकल चालवणारा, भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, कार्बमध्ये (कार्ब्युरेटर, हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा) मेन जेट, म्हणजे पेट्रोलचं मोठं भोक, कितीचा टाकू. अरे पण सायनवरून दादरला जाताना गाडी पाव थ्रॉटलच्या वर जाते तरी किती वेळा? स्लाइड (थ्रॉटल फिरवला की कार्बमध्ये वर उचलून हवेची वाट उघडणारा भाग) जवळपास बंद असताना सगळं काम पायलट जेट (पेट्रोलचं छोटं भोक) आणि त्यातली हवा ठरवणाऱ्या एअर स्क्रूचं असतं, थोडी उघडली की स्लाइडचा कट, मग स्लाइडला लागलेली सुई म्हणजे नीडल, आणि मेन जेटचा नंबर लागतो पाऊण थ्रॉटलच्या पुढे. म्हणजे मुंबईतली आरडी दिवसभर पायलट जेटवरच चालते, आणि दोन कार्बपैकी एकाची स्लाइड अर्धा मिलीमीटर जरी उशिरा उचलली तरी ट्रॅफिकमध्ये गाडी झटके मारते, मिसिंग करते, सिग्नलला बंद पडते. म्हणून आधी हे नीट करा, टॉप एंडचं, म्हणजे फुल थ्रॉटलचं, नंतर बघू.

कार्बला हात लावायच्या आधी इग्निशन. आरडीला प्रत्येक सिलिंडरचा पॉइंट (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा स्विच) वेगळा असतो, दोन्हींचा गॅप आणि टायमिंग बरोबर नसेल तर तुम्ही दिवसभर एअर स्क्रू फिरवत बसाल आणि हाती काही लागणार नाही. दुसरं, कार्ब आणि रीड व्हॉल्व्ह (मिक्श्चर इंजिनात घेणारी झडप) यांच्या मधलं रबर. वाकवून बघा, आतल्या बाजूला बारीक चिरा असतात, वरून दिसतच नाहीत. माझं डावं रबर असंच फाटलेलं होतं, गॅरेजवाल्याने ते न बघता आयडलिंग वाढवून दिलं आणि घाटकोपरच्या पुढे डावा पिस्टन जाम झाला. फाटक्या रबरातून जास्तीची हवा आत जाते, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि टू स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे पिस्टन गेलाच समजा. तेव्हापासून रबर मी स्वतः बघतो, कोणावर सोडत नाही.

मग दोन्ही कार्ब उघडून साफ करा. गाडी पावसाळाभर उभी असेल तर चेंबरच्या (कार्बमध्ये पेट्रोल साठतं ती वाटी) तळाला पाण्याचे थेंब आणि पांढरट चिकट थर सापडणारच, हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरतं आणि आपल्याकडे हवेत दमटपणा काय कमी नाही. पायलट जेट काढून ट्यूबलाइटकडे धरून बघा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कडेला जरा जरी चपटं वाटलं तर आत कचरा आहे. स्टीलची तार घालू नका, जेट पितळेचा असतो, भोक मोठं होतं. जुन्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार काढा, कार्ब क्लीनर मारा आणि हवा मारा. चेंबरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची दोन्हीकडे व्हर्नियरने सारखी करून घ्या.

आता ट्यूनिंग. थ्रॉटलच्या केबली वरच्या अॅडजस्टरने ढिल्या करा, म्हणजे स्लाइड फक्त आयडल स्क्रूवर (थ्रॉटल सोडल्यावरचा वेग ठरवणारा) टेकल्या पाहिजेत. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरी उघडा, दोन्हीकडे. जोर लावून बंद करू नका, टोक बसतं. गाडी मोकळ्या जागेत गरम करा, बंद कंपाउंडमध्ये नको, धूर भरतो आणि शेजारी पण ओरडतात. मग बंद करून उजवीकडच्या स्पार्क प्लगची कॅप काढा, त्यात एक जुना प्लग घालून तो हेडला नीट टेकवून ठेवा (नाहीतर झटका बसेल आणि कॉइलला पण त्रास) आणि फक्त डाव्या सिलिंडरवर चालू करा. आयडल स्क्रू थोडा वाढवायला लागेल. आता डावा एअर स्क्रू पाव पाव फेरी फिरवत जा, प्रत्येक वेळी दोन तीन सेकंद थांबून ऐका. आत घेतला की रिच (पेट्रोल जास्त), बाहेर काढला की लीन. जिथे आरपीएम सगळ्यात जास्त आणि आवाज सलग, तिथे थांबा. मग आयडल स्क्रू कमी करत जेमतेम चालू राहील इथपर्यंत आणा. स्क्रू जवळपास पूर्ण आत घेतल्यावरच गाडी नीट चालत असेल तर जेट तुंबलाय किंवा कुठून तरी हवा खेचतेय, परत उघडा. एका सिलिंडरवर फार वेळ चालवू नका, दुसऱ्या बाजूला कच्चं मिक्श्चर साचतं. उजवीकडे पण हेच करा. दोन्ही एकट्याने साधारण सारख्या आरपीएमला चालले पाहिजेत, मग दोन्ही जोडा, आरपीएम वाढेल, दोन्ही आयडल स्क्रू सारखेच पाव पाव फेरी कमी करून 1200 च्या आसपास आणा.

आता खरा सिंक, म्हणजे दोन्ही स्लाइड एकदम उचलतील असं जुळवणं. इंजिन बंद, चावी काढून खिशात. फिल्टरकडचे रबर काढा आणि दोन्ही हातांचं एक एक बोट दोन कार्बमध्ये घालून स्लाइडच्या खालच्या कडेला टेकवा, कोणाला तरी थ्रॉटल अगदी हळू फिरवायला सांगा. माझा भाऊ फिरवतो, मी डोळे मिटून बोटांवर लक्ष ठेवतो. डावी आधी हलली की लगेच कळतं, अर्ध्या मिलीमीटरचा फरक सुद्धा बोटाला समजतो, डोळ्याला समजत नाही. मागे राहणाऱ्या स्लाइडच्या केबलचा अॅडजस्टर थोडा बाहेर काढा, परत बघा, मग लॉक नट आवळा, आवळताना अॅडजस्टर फिरतो म्हणून आवळल्यावर परत एकदा बोट लावा. शेवटी थ्रॉटल सोडून ऐका, दोन्ही स्लाइड पडल्याचा एकच 'टक' आला पाहिजे. 'ट-टक' आला तर अजून फरक आहे, किंवा एका केबलचे धागे आत तुटलेत. व्हॅक्यूम गेज फोर स्ट्रोकवाल्यांसाठी चांगला, आरडीला बोटंच बरी. दोन्ही केबलींना साधारण एक मिलीमीटर ढील ठेवा.

यानंतरची गोष्ट बरेच जण विसरतात. टाकीखाली जिथे एका केबलच्या तीन होतात त्यातली तिसरी ऑइल पंपाला जाते. कार्बची केबल हलवली तर पंपाची खूण जुळतेय का ते बघायलाच हवं, नाहीतर ऑइल कमी पडेल. पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल घालत असाल तर प्रश्न नाही. मग इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा, आरपीएम वाढला तर केबल कुठेतरी ताणली जातेय, रूटिंग बदला.

पहाटे रस्ता रिकामा असताना एक फेरी मारून दोन्ही प्लग काढून बघा, रंग कटिंग चहासारखा आणि दोन्हींचा सारखा हवा, एक पांढरट दिसला तर गाडी पुढे न चालवता त्या बाजूचं रबर परत तपासा. केबली नवीन टाकल्या असतील तर दोनेकशे किलोमीटरनंतर ताणतात, तेव्हा बोटाची टेस्ट परत करा, तोपर्यंत एअर स्क्रूला हात लावू नका.