सचिवांसमोर जाण्याआधी: शाळेच्या थिन क्लायंट लॅबची तयारी

संस्थेच्या बैठकीत कॉम्प्युटर लॅबचा विषय निघाला की आमच्या सचिवांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सॉफ्टवेअर फुकट हाय म्हन्ता, तं मंग पैसे कायले मांगता?" प्रश्न रास्त आहे. उत्तर तयार नसेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो, आणि पुढची बैठक म्हणजे सोयाबीन निघाल्यावर. थिन क्लायंट लॅब म्हणजे एका दमदार संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, लिनक्स ही फुकटची प्रणाली ठेवायची आणि बाकीची साधी, जुनी यंत्रं तारेने त्याच्यावर चालवायची. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत जे आधी करायला हवं होतं आणि आम्ही उशिरा केलं, ते इथे लिहून ठेवतो. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे परीक्षा आटोपल्यावर तयारीला उन्हाळा हाताशी असतो. तो वाया घालवू नका.

सर्वात आधी लॅबचं कुलूप काढा आणि मोजणी करा. डेडस्टॉक रजिस्टरवर वीस यंत्रं असली तरी चालू किती, हे प्रत्येक यंत्र लावूनच कळतं. वहीत प्रत्येकाची रॅम लिहा, बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) नेटवर्क बूटची, म्हणजे तारेतून सुरू होण्याची, सोय आहे का पाहा, मॉनिटर जुना डब्यासारखा की सपाट ते लिहा. हार्डडिस्क गेलेली यंत्रं बाद धरू नका. हीच तर थिन क्लायंटची गंमत आहे: यंत्र सुरू होताना सगळी प्रणाली तारेतून सर्व्हरकडून घेतं, त्याला स्वतःची डिस्क लागत नाही. जुन्या यंत्रांत डिस्क लवकर मरते, बाकीचं शरीर बरंच टिकतं. निर्लेखनासाठी कोपऱ्यात रचून ठेवलेली यंत्रंही एकदा तपासा. आणि जाता जाता मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलून टाका. तो मेला असला की यंत्र रोज सकाळी तारीख विसरतं, बूटचा क्रम विसरतं आणि एफ-वन दाबा म्हणून अडून बसतं. वीस मुलं वीस यंत्रांवर एफ-वन दाबतात तेव्हा तासातली दहा मिनिटं जातात.

ही मोजणी झाली की कोणत्या पद्धतीने चालवायचं ते ठरवा, कारण इथे बरेच जण गोंधळतात. खरा थिन क्लायंट म्हणजे सगळे प्रोग्राम सर्व्हरवर चालतात आणि पोरासमोर फक्त चित्र येतं. एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, १९९९ पासून हे करत आलं आहे. पण २०१९ मध्ये ते नव्याने लिहिलं गेलं, आणि आता त्याची नेहमीची रीत वेगळी आहे: प्रणाली सर्व्हरवरून येते, प्रोग्राम मात्र समोरच्या यंत्राच्या रॅमवर चालतात. दोन ते चार जीबी रॅमची यंत्रं असतील तर हीच रीत घ्या, सर्व्हर साधा चालतो. एक जीबीवाली असतील तर रिमोट डेस्कटॉपने (सर्व्हरचा पडदा दुरून दाखवणाऱ्या सोयीने) खरा थिन क्लायंट करा. मग सर्व्हरला मात्र दम पाहिजे. आजचे ब्राउझर खादाड आहेत; मुलामागे एक जीबी धरा, वीस मुलांना बत्तीस जीबी घ्या.

आता वीज, आणि इथे घाई करू नका. आमच्या भागात चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे आणि आमच्याच गावात दुपारी लाइन जाते, याचा राग बैठकीत काढू नका, तिथे फक्त आकडे मांडा. ढोबळ धरा: जुना पीसी ६५ वॉट, डबा मॉनिटर ७५ वॉट. वीस जागांचे २,८०० वॉट झाले. नुसते मॉनिटर सपाट एलईडी केले, १८ वॉटचे, तर १,६६० वर येतं. पीसीच्या जागी १५ वॉटचे छोटे क्लायंट डबे ठेवले तर सर्व्हर आणि नेटवर्क स्विच (सगळ्या यंत्रांच्या तारा जोडणारा डबा) धरूनही ८५० च्या आसपास. दिवसाचे सहा तास आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर ३,७०० युनिटच्या जागी १,१०० युनिट. दर तुमच्या बिलावरचाच लावा. बिलापेक्षा मोठी गोष्ट बॅटरीची. १५० एएचच्या दोन बॅटऱ्यांवर ८५० वॉट साधारण दोन तास ओढता येतात, म्हणजे तीन तासिका. २,८०० वॉटला त्या इन्व्हर्टरचा दमच निघतो.

या हिशेबातून एक कडू गोष्टही निघते आणि ती लपवू नका. जुनी यंत्रं वापरली तर खरेदीचे पैसे वाचतात, वीज फारशी वाचत नाही. आम्ही मधला मार्ग काढला: यंत्रं जुनीच ठेवली, पहिल्या वर्षी फक्त मॉनिटर बदलले, आणि मरेल त्या पीसीच्या जागी छोटा डबा घ्यायचा असं ठरवलं.

पैशांच्या कागदावर पाच वर्षांचा हिशेब मांडा, एका वर्षाचा नाही. त्यात विंडोजचा पर्यायही प्रामाणिकपणे लिहा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, जी जुन्या यंत्रांत नसते. विंडोज सर्व्हरवर थिन क्लायंट करायचे तर सर्व्हरचं लायसन्स वेगळं, वापरणाऱ्यांचं कॅल (वापरण्याचा परवाना) वेगळं आणि रिमोट डेस्कटॉपचं कॅल त्याहून वेगळं. लिनक्समध्ये ही पानं कोरी राहतात. पण सर्व्हर, गिगाबिट स्विच, वायरिंग, बॅटरी आणि प्रशिक्षण यांच्या रकमा ठळक लिहा. सचिवांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच ओळींत आहे. शेवटी एक ओळ देखभालीची: व्हायरस काढणं, अपडेट, बिघडलेली प्रणाली पुन्हा टाकणं हे वीस वेळा करायचं की एकदा. तालुक्याहून माणूस बोलावला की येण्याजाण्याचे पैसे, चहा आणि दिवस, तिन्ही जातात. उदाहरण मागितलं तर केरळचं द्या. तिथल्या सरकारी शाळांत २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून मुक्त सॉफ्टवेअर रुजलं, एखाद्या हौशी मास्तरच्या भरवशावर नाही.

वायर मात्र कंजूषी न करता घ्या. नेटवर्क बूट वायफायवर होत नाही. कॅट-सिक्सची तार पाइपातून न्या, नाहीतर पावसाळ्यात उंदीर येतात. सर्व्हर ते स्विच हा तुकडा गिगाबिटच, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटचा, हवा. एकाच वेळी सगळ्यांना व्हिडिओ दाखवायचा विचार असेल तर खऱ्या थिन क्लायंटवर तो सोडा: १०२४ बाय ७६८ चं चित्र दाबून न पाठवता सेकंदाला पंचवीस वेळा पाठवलं तर एका पडद्यालाच ४७० मेगाबिट लागतात. प्रोजेक्टर लावा, सगळे एकत्र बघतील.

अर्थिंग. आम्ही ते राहू दिलं, मृगाच्या पहिल्या गडगडाटात स्विच आणि तीन यंत्रांचे पोर्ट गेले. आता कोळसा-मीठ घालून खड्डा केला आहे आणि आभाळ भरलं की शिपाईमामा मेन स्विच पाडतात. सर्व्हर टिनाच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी बॅटऱ्यांचं डिस्टिल्ड वॉटर पाहा, उन्हाळ्यात ते आटलेलं असतं.

सर्व्हर पडला की सगळी लॅब पडते. म्हणून दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या लावा, शनिवारी बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या, एक जास्तीचा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा भाग) कपाटात ठेवा. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट सील करून मुख्याध्यापकांच्या कपाटात. मास्तर सोडून जातात, पासवर्डही त्यांच्यासोबत जातो.

मराठीची तयारी वेगळी करा. जुन्या प्रश्नपत्रिका कृतीदेव वा तशा फॉन्टमध्ये असतील तर लिबरऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये त्या इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. आमच्या एका मॅडमना वाटलं की फाइलच खराब झाली. उन्हाळ्यातच त्या युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर मराठी दिसणाऱ्या पद्धतीत) बदलून घ्या आणि सगळ्यांना इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी शिकवा.

कार्यालय या भानगडीत ओढू नका. टॅली आणि डिजिटल सहीचं काम ज्या विंडोज यंत्रावर चालतं, ते तिथेच राहू द्या. शाळेत एमएस-सीआयटी किंवा टायपिंगचं केंद्र असेल तर त्यांचं सॉफ्टवेअर कशावर चालतं ते लेखी विचारा, मग बोला. इंटरनेटचं मात्र अडत नाही. फायबर तुटलं तरी लॅब सुरू राहते, आणि किविक्स या इंटरनेटशिवाय वाचायच्या सॉफ्टवेअरवर मराठी विकिपीडिया सर्व्हरवर उतरवून ठेवला तर मुलं शोधत बसतात.

बैठकीच्या दिवशी कागदांसोबत एक जुना पीसी, छोटा स्विच आणि सर्व्हर म्हणून तुमचा लॅपटॉप न्या. सगळ्यांसमोर पीसीची हार्डडिस्क काढा, सचिवांच्या हातात द्या आणि मग बटण दाबा. आदल्या रात्री घरी एकदा करून पाहा, आणि एक्स्टेंशन बोर्ड सोबत न्या. आमच्या सभागृहातले सॉकेट ढिले आहेत, तुमच्याकडचेही असतील.